कार्डातला धोंडा

धोंड्याच्या महिन्यात जावयाने एक धोंडा जास्त खावा की न खावा, हा प्रश्न कुणाला फार मोठा वाटणार नाही. मलाही वाटला नाही, म्हणून तर मी खाल्ला.

नव्व्याण्णव साली अधिक महिना आला आणि आम्ही केडगावहून पाथर्डीकडच्या माझ्या सासुरवाडीला निघालो. माझी शुगर 'काठावर' असल्याचं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. त्यावर बायकोने, म्हणजे चांगुणाने, फर्मान काढलं, "एकच धोंडा. तोबी बिनतुपाचा. न्हाईतर म्हैनाभर कारल्याचा रस." (ती बोलते ते करते. अनुभव आहे.)

सासूबाईंनी, आक्काबाईंनी, पुरण भरून वाफवलेल्या धोंड्यांची परात स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी निवत ठेवली होती. शेजारी तुपाची वाटी. जेवणं उरकून मंडळी लवंडली तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने तिकडे गेलो. धोंडा तुपात बुडवून तोंडात कोंबला, एवढ्यात बाहेरून 'खट्' झालं.

दाराबाहेर माझा मेहुणा गहिनीनाथ. हा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. अमेरिकेहून येताना त्याने रोल न लागणारा कॅमेरा आणला होता. "मस्त आला!" एवढंच म्हणून तो हसत निघून गेला. आणि संध्याकाळी सगळे फोटो टीव्हीवर दाखवायचं ठरलेलं! तोंडातला धोंडा मला गिळवेना. (गिळला, पण आनंद झाला नाही.)

गहिनीनाथ कॅमेरा खुंटीला अडकवून पडला होता. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "का रे, ह्यातला फोटो पुसता येतो का?"

"ते बटण दाबायचं, दाजी. पण खरा पुसला जात नाही. नुसतं नाव जातं, फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डात तसाच पडून राहतो. पुण्याला नेऊन मी परत काढतो की."

मला घाम फुटला. कारण आमच्या दूध संघाच्या ऑफिसात मी एकदा साहेब यायच्या आत कॉम्प्युटरमधला पत्त्यांचा गेम पुसला होता. साहेबांनी बोलावलेल्या माणसाने तो, माझ्या सगळ्या हरलेल्या डावांसकट, परत वर काढला होता.

"आणि कायमचा घालवायचा असला तर?"

"कार्डातली रिकामी जागा दुसऱ्या फोटोंनी भरून टाकायची. जुन्याच्या डोक्यावर नवा बसला, की जुना संपला." एवढं सांगून तो घोरायला लागला.

मी कॅमेरा काढला. चष्मा केडगावलाच राहिला होता. एवढ्याशा पडद्यावर शेवटचा फोटो पाहिला. काहीतरी पांढरं, दाराशी उभं, तोंड भरलेलं. माझा सदरा पांढरा. म्हणजे मीच! दाबलं बटण. आणि मग कार्ड भरायला लागलो. मांडणी काढली, जातं काढलं, घंगाळ काढलं, कडब्याची गंजी चारी बाजूंनी काढली. झोपलेल्या सासऱ्यांचे नुसते पाय काढले.

आक्काबाई उठल्या आणि हरखून गेल्या. "माज्या मांडणीचा फुटू काडताय व्हय, जावईबापू? काडा, काडा! लई माया हाय बाई पाव्हण्यांना ह्या घराची."

मला फार लाज वाटली. मी त्यांचेही चार काढले. शेवटी कॅमेऱ्यानेच 'कार्ड भरलं' म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे बसले. मांडणी आली, जातं आलं, गंजी आली. पण सगळं धुरकट.

"आज धुकं पडल्तं का रं?" सासऱ्यांनी विचारलं.

चांगुणाने कॅमेरा हातात घेतला. काचेवरून बोट फिरवलं. बोटाचा वास घेतला.

"तूप," ती म्हणाली. "अवो, बिनतुपाचा धोंडा खाऊन तुमच्या अंगठ्याला तूप कसं काय आलं?"

मी टीव्हीकडे पाहत राहिलो. टीव्हीवर सासऱ्यांचे पाय होते.

"ते ऱ्हाऊ दे गं," आक्काबाई म्हणाल्या. "माज्या शेळीचा फुटू कुठंय?"

"शेळीचा?" मी विचारलं.

"काढला होता की," गहिनीनाथ म्हणाला. "मागच्या दाराशी पाला खात उभी होती. पांढरीशुभ्र. मस्त आला होता!"

"आणि... मी?"

"तुम्ही तिथं होता, दाजी? मला तर शेळीशिवाय काही दिसलं नाही."

मग मला सगळं सांगावंच लागलं. चांगुणा आधी चिडली आणि मग पदर तोंडाला लावून एवढी हसली, की मला वाटलं, कारलं टळलं. (टळलं नाही. परसातल्याच वेलाची कारली तिने सकाळीच तोडली.)

आक्काबाईंचं मन राखायला दुसऱ्या दिवशी शेळीचा नवा फोटो काढला. शेजारी मी, हातात रसाचा पेला. गहिनीनाथने तो पुण्याहून मोठा करून, फ्रेम लावून पाठवला. भिंतीवर आहे अजून. नवं माणूस घरात आलं, की आक्काबाई आधी बोट लावून सांगतात, "ह्यो डावीकडचा जावई."