गोकुळदासाचा शेक आणि वाड्याचं सुतक

"ह्यात काय आसा! नुसता पियाचा तर! चावचे कष्टसुद्धा नाय!"

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची पायरी उतरता उतरता गोकुळदासने हे वाक्य बायकोला ऐकवलं, तेही छाती फुगवून. छातीखालचं पोट फुगवावं लागत नसे, ते आपोआपच दोन पावलं पुढे असे.

हा गोकुळदास म्हणजे पेडण्यातल्या एका वाड्यावरचा, सरकारी बसचा निवृत्त ड्रायव्हर. उभं आयुष्य त्याने पेडणे ते वास्को गाडी हाकली आणि वाटेतल्या एकूणएक हॉटेलांची पातळभाजी, मिरची-भजी आणि बन ह्यांची जातीने विचारपूस केली. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, भजी काही सुटली नाहीत. गावजेवणात वाढपी इतरांच्या पानावरून पुढे सरकत, गोकुळदासच्या पानासमोर मात्र बादली खाली ठेवून उभे राहत. अशा माणसाच्या रक्तात साखर नाही होणार तर काय होणार!

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. "हे बघा, वजन उतरवलंत तर साखर ताळ्यावर येऊ शकते. सकाळ, दुपार, संध्याकाळ ह्या पावडरीचा एकेक पेला शेक प्यायचा. दिवसाच्या सगळ्या मिळून आठशे कॅलरी. बाकी पाणी सोडून काही नाही. गोळ्या मी बदलून देते. रोज घरी साखर मोजायची, दर आठवड्याला मला तोंड दाखवायचं. आणि एवढं करून आकडे खाली आले नाहीत, तर मग इन्शुलिनची सुई."

सुई! भर पावसात घाट उतरताना ज्याची पापणी लवली नाही तो गोकुळदास हा शब्द ऐकून खुर्चीसकट मागे सरकला. साखर मोजायला बोटाला टोचायचं ते एवढंसं यंत्रसुद्धा तो डोळे गच्च मिटून, देवाचं नाव घेऊन वापरी.

रुक्मिणीला भीती सुईची नव्हती. गोकुळदासच्या थोरल्या भावाचा पाय ह्याच साखरेने नेला होता आणि मागोमाग भाऊही गेला होता. त्याची सगळी शुश्रूषा रुक्मिणीने केली होती. घरी आल्यावर ती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "भावजींचा झाला तसा तुमचा झाला, तर मी काय करू? सांगा मका!"

गोकुळदास विरघळला. "तुझी शपथ! एक घास तोंडात घालूचंय नाय!"

पण त्याच्या दोन अटी होत्या. पहिली, वाड्यावर कोणाला कळता कामा नये. गावजेवणातला वाघ पेल्यातून पावडर पितो, हे त्याच्या मित्राला, शंभूला कळलं असतं तर त्याने येत्या शिगम्यात त्याचं सोंग काढलं असतं! आणि दुसरी, रुक्मिणीने काही दिवस वास्कोला लेकीकडे, तनयाकडे जाऊन राहावं. ती घरात असताना आमटीला फोडणी बसणार नाही, हे शक्यच नव्हतं. आणि फोडणी बसली की शपथ सुटणार, हे गोकुळदास स्वतःला ओळखून होता.

रुक्मिणीने स्वयंपाकघराला कुलूप घातलं, किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि बॅग घेऊन निघाली. गेटपाशी तिचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं ज्याला रांधून वाढलं, त्याला पावडरीच्या हवाली करून जायचं म्हणजे काय थोडं झालं? शेजारच्या गंगाकाकीने आपल्या सोप्यावरून ते डोळे पाहिले आणि मनात नोंद करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत आला, तर गेटला पावाची पिशवीच नाही! गोकुळदासने खिडकीतूनच हात हलवून "नको" म्हटलं.

मग मासळीवाली शांता आली. ही सावंतवाडीकडची, गेली कित्येक वर्षं ह्या वाड्यावर पाटी घेऊन फिरणारी. तिने सवयीने थेट गोकुळदासच्या पायरीवर पाटी उतरवली आणि वरचं फडकं बाजूला केलं. बांगडे! ताजे, चकचकीत, डोळे उघडे ठेवून गोकुळदासकडेच बघणारे!

"आज नको गो."

"नको? आज काय सोमवार?"

"उद्या पण नको. मी सांगीसर आणूच नको."

श्रावण नाही, सोमवार नाही, संकष्टी नाही आणि गोकुळदासला मासळी, त्याचं लाडकं नुस्तें, नको? शांताने छातीवर हात ठेवला. "भाऊनू, घरात काय झाला काय?"

गोकुळदासने एकवार बांगड्यांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मगे सांगतलंय," एवढंच बोलून तो आत वळला.

शांता तडक गंगाकाकीकडे गेली. काकी आधीच बेचैन होती. तिचा भात रुक्मिणीच्या कुकरच्या शिटीवर चढायचा आणि हल्ली ती शिटीच ऐकू येत नव्हती. "चूल नाय पेटली गो त्या घरात!" काकी म्हणाली. "मी किती दिवस बघतंय. वास नाय, शिटी नाय, भांड्याचो आवाज नाय."

आता तुम्हीच सांगा. ज्या घरात चूल पेटत नाही, नुस्तें शिजत नाही, पाव येत नाही, त्या घरात काय असतं? सुतक! दुसरं काय असणार!

तरीसुद्धा प्रकरण तिथेच राहिलं असतं, पण मध्ये मिशी आली. गोकुळदासची मिशी झुपकेदार. त्या मिशीमुळे म्हणे चेकनाक्यावरचे पोलीससुद्धा बसला आधी वाट देत. पण शेक पडला दाट. प्रत्येक पेल्यातला निम्मा शेक मिशीतच राही. दुपारी आराम खुर्चीत डोळा लागला की मुंग्या रांग धरून वर चढत. त्यात आठशे कॅलरी मोजून मिळणाऱ्या माणसाने निम्म्या मिशीला द्यायच्या म्हणजे फारच झालं! साप्ताहिक तपासणीला डॉक्टरीणबाईंकडे म्हापशाला गेला असताना त्याने वाटेत न्हाव्याकडे बसून मिशी साफ उतरवली.

संध्याकाळी तो बसमधून उतरला तेव्हा नाक्यावर शंभू उभा होता. शंभू हा गोकुळदासचा बालमित्र आणि वाड्यावरच्या प्रत्येक बारशाचा, लग्नाचा आणि मर्तिकाचा स्वयंघोषित व्यवस्थापक. त्याने गोकुळदासचं सपाट तोंड पाहिलं, आत गेलेले गाल पाहिले, ढगळ झालेली पँट पाहिली आणि त्याच्या हातातली विडी गळून पडली.

"गोकुळा... मिशी?"

"घरचाच कारण," गोकुळदास पुटपुटला आणि मान खाली घालून निघून गेला.

त्यानंतर पाच दिवस वाट पाहून शेवटी गंगाकाकीच्या सोप्यावर तिघांची बैठक बसली. कोण गेलं, हे शोधायला वेळ लागला नाही. रुक्मिणी रडत वास्कोला गेली ती परतली नव्हती. गोकुळदास सकाळी बाहेर पडला आणि सांजेला मिशी काढून आला. त्याला मुलगा नाही, तेव्हा क्रिया त्यानेच केली असणार.

"म्हणजे सगळा वास्कोकच उरकला," शंभू म्हणाला. "चेडवाच्या घरी. आणि आमका सांगूकसुद्धा तेका शब्द फुटूक नाय!"

"तनयाक फोन करून विचारूया?" शांताने सुचवलं.

"आवय गेलेल्या चेडवाक फोन करून असला विचारतत?" काकी कडाडली आणि पदराने डोळे पुसू लागली. रुक्मिणीचं आणि तिचं भांडण असं फक्त अंगणातल्या शेवग्यावरून होतं. काकीने तिथल्या तिथे तो शेवगा रुक्मिणीला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंभू गोकुळदासच्या सोप्यावर येऊन बसला. काही बोलला नाही. मग भजनातली मंडळी आली, तीही गप्प. दुःखाच्या घरी जाऊन काही विचारायचं नसतं, नुसतं बसायचं असतं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. गोकुळदासला वाटलं, ह्यांना शेकचा सुगावा लागला! त्याने पेला पटकन खुर्चीखाली सरकवला आणि तोही गप्प बसला.

बऱ्याच वेळाने मंडळी उठली. शंभूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दाबला आणि तो चालू लागला. "येतंय" म्हणाला नाही. त्याच्या मागचा म्हणाला नाही. कोणीच म्हणालं नाही!

गोकुळदास बघतच राहिला. "येतो" न म्हणता उठून जातात ते फक्त मर्तिकाच्या घरून.

"शंभू!" तो ओरडला. "कोण गेला रे?"

शंभूचा चेहरा कावराबावरा झाला. धक्क्याने माणसाला भ्रम होतो, हे त्याने ऐकलं होतं. तो मागे आला आणि हळुवारपणे म्हणाला, "धीर धर, गोकुळा. रुक्मिणीवैनीक तुझे असे हाल बघवचे नाय."

रुक्मिणी! गोकुळदास ताडकन उभा राहिला. म्हणजे वास्कोला काहीतरी घडलं होतं आणि साऱ्या गावाला ते त्याच्या आधी कळलं होतं! त्याने रुक्मिणीचा फोन लावला. बंद. तनयाचा लावला. घंटा वाजतच राहिली. तो मटकन खाली बसला आणि त्याने जो हंबरडा फोडला, तो ऐकून पलीकडच्या वाड्यावरची माणसंसुद्धा धावत आली.

बघता बघता अंगण भरलं. गंगाकाकी पेजेची वाटी... छे, वाटी कसली, भलं मोठं पातेलंच घेऊन आली! सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पेज न्यायची, हा रिवाज. उकड्या तांदळाची वाफाळती पेज, बरोबर मिसकुटाची फोड. कैरीच्या त्या लोणच्याचा वास सोप्यावर पसरला. एरवी ह्या वासावर गोकुळदास घाटावरून उतरून आला असता.

"दोन घास खा रे, बाबा."

"नको!"

"असा करू नको. तिच्यासाठी तरी खा."

"तिच्यासाठीच नको!" गोकुळदास हुंदके देत म्हणाला. "तिका मी शपथ दिलंय, काकी. एक घास खावचंय नाय म्हणान! ती असताना एक शपथ पाळूक नाय मी. ही तरी पाळूंदे!"

हे ऐकून अंगणात एकही डोळा कोरडा राहिला नाही. असा नवरा आपल्याला का मिळाला नाही, ह्या विचाराने काही बायका जरा जास्तच रडल्या.

नेमकी ह्याच वेळी वास्कोची बस नाक्यावर थांबली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे मोठी तपासणी होती, म्हणून रुक्मिणी परतली होती. फोनचं चार्जिंग वाटेतच संपलं होतं. आपल्या अंगणात गर्दी आणि रडारड बघून तिच्या हातातली बॅग पडली. ती गर्दीत घुसली आणि पहिली समोर आली गंगाकाकी.

"काकी, काय झाला गो?"

काकीने पदरातून तोंड न काढताच तिला कवटाळलं. "काय सांगू बाये! आपली रुक्मिणी गेली गो!"

"खंयची रुक्मिणी?"

"आपली गो! ही, शेजारची!"

"काकी, तोंड वर कर."

काकीने तोंड वर केलं. मग तिने जी किंकाळी मारली, तिने माडावरचे कावळे उडाले आणि भजनातल्या दोघांनी कुंपणावरून उड्या टाकल्या.

रुक्मिणीने सोप्यावर पाहिलं. तिथे एक सपाट तोंडाचा, बारीकसा बाप्या रडत बसला होता. "आणि हो कोण?" तिने विचारलं. लग्नापासून तिने नवऱ्याचा वरचा ओठ पाहिलाच नव्हता!

गोकुळदासने तो आवाज ऐकला. तो उठला, धडपडला आणि अख्ख्या वाड्यासमोर त्याने बायकोचे दोन्ही हात धरले. "आसस! तू आसस गो!" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. रुक्मिणी लाजून लाल झाली, पण तिने हात काही सोडवून घेतले नाहीत.

मग उलगडा झाला. शेक कळला, कुलूप कळलं, मिशी कळली. शंभू हसत सुटला, मग एकदम गंभीर झाला. "पण वैनी, एक खरा. आमी सगळ्यांनी मिळान तेका पेज भरवूक बघितली. तेणी एक घास घेवक नाय. अगदी तुमच्या मरणाक सुद्धा!"

"खरा?" रुक्मिणीने विचारलं. "खरंच काय खावक नाय?"

"देवाशपथ!" सगळं अंगण म्हणालं. शांताने बांगड्यांच्या वेळचे अश्रूसुद्धा सांगितले. गंगाकाकीने एवढ्यात शेवगा परत मागून घेतला, पण तेही प्रेमानेच.

रुक्मिणी अभिमानाने नवऱ्याकडे वळली.

गोकुळदास सोप्याच्या कोपऱ्यात बसला होता. आनंद झाला की त्याचा हात आपसूक कुठे जातो, हे इतक्या वर्षांत तिला कळायला हवं होतं. पातेलं रिकामं होतं. मिसकुटाची फोड गालात होती आणि तो शेवटचं बोट चाटत होता.

"मी मेलंय तेव्हा उपाशी रवलात," रुक्मिणी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि जिती इलंय तर पातेला चाटून पुसून?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. वजन उतरलं होतं, साखर उतरली होती. सुई लागणार नव्हती. गोकुळदासने सुटकेचा असा निःश्वास टाकला की टेबलावरचे कागद हलले. शेक मात्र चालूच ठेवायचा होता. मग बाईंनी त्याचं घरचं यंत्र हातात घेतलं आणि बटण दाबत एकेक आकडा मागे नेऊन पाहिला. एका ठिकाणी त्या थांबल्या.

"सगळे आकडे कसे छान उतरत गेलेत. मग कालच संध्याकाळी एवढी उडी कशी? काल काय झालं होतं?"

गोकुळदासने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. मग जिथे मिशी असायची तिथे उगाचच बोट फिरवत तो खाल मानेने म्हणाला,

"काल आमची बायको जिवंत निघाली, डॉक्टर."