हौसाबाईंना बरं वाटत नाही

अंजूरच्या हौसाबाईंना आधी अंगठी होईनाशी झाली, मग चपला. हातपाय रुंदावले, सांधे धरले. मेंदूखाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ येऊन वाढीचं हार्मोन नको तेवढं सुटतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशननंतरही थोडी गाठ उरलीच. मुंबईच्या एका हॉस्पिटलात नव्या इंजेक्शनची चाचणी चालू होती, त्यात सून उन्नतीने त्यांचं नाव घातलं. दर महिन्याला एक इंजेक्शन, रक्ततपासणी आणि कसं वाटतं हे विचारणाऱ्या वीस प्रश्नांचा कागद. त्यासाठी हॉस्पिटलकडून वैशाली नावाची मुलगी जवळच्या कामतघरच्या दवाखान्यात येई.

पाचव्या महिन्यात वैशालीने उन्नतीला बाजूला घेतलं. रक्त सुधारलं होतं, कागदावरची उत्तरं मात्र जागची हलत नव्हती. सहाव्या महिन्यात दोन्हींत फरक दिसला तरच इंजेक्शन पुढे चालू, नाहीतर बंद, असा नियम. आणि ते अजून दुकानात आलेलंच नव्हतं.

फरक तर घरात सगळ्यांना दिसत होता. पण गोदामांच्या जागी भातखाचरं होती तेव्हापासून अंजुरात "बरं आहे" म्हणायची रीत नाही. ठणठणीत माणसानेही "चाल्लंय कसातरी" म्हणायचं. हौसाबाईंची थोरली जाऊ अठ्ठ्याहत्तर साली एकदाच विहिरीवर "आमचं झ्याक हाय" म्हणाली, आणि संध्याकाळी तिच्या म्हशीने पान्हा चोरला. त्या वेळी विहिरीवर शेजारच्या राहीबाई होत्या.

"आये, खरं तेवढंच सांगायचं," उन्नती म्हणाली. "बरं वाटतं ना?"

"तुला सांगते. कागदाला कसं सांगू? तो कोन कोन वाचतं, ठावं हाय?"

"डॉक्टर वाचतात."

"त्यांची नजर चांगली हाय कशावरून?"

आठवडाभर विनवण्या झाल्यावर एकदाच, हळू आवाजात सांगायचं त्यांनी कबूल केलं.

ठरल्या दिवशी रिक्षा सुटताना राहीबाई चढल्या. त्यांना कामतघरला भाचीकडे जायचं होतं. भाचीचं घर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, आधी हौसाला सोबत करते. दवाखान्यातल्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. पडद्यापलीकडच्या बाकावर राहीबाई बसल्या.

"मावशी, सांधेदुखी कशी आहे?" वैशालीने विचारलं.

हौसाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. "लय."

चालायचा त्रास? लय. थकवा? जीव जातो. उन्नतीने तोंड उघडलं, पण नातेवाइकांनी उत्तर द्यायचं नाही म्हणून वैशालीने तिला गप्प बसवलं. सात प्रश्न असेच गेले. पडद्यामागून राहीबाई च्च च्च करत होत्या. आठवा प्रश्न होता, घरची कामं जमतात का?

हौसाबाई ताठ बसल्या. "करावीच लागतात. ही बसते लॅपटॉप घेऊन. परवा घरभरच्या गोधड्या मी एकलीने धुतल्या, दोन जिने चढून गच्चीवर वालत घातल्या. कुनी हात लावला न्हाय."

वैशालीचं पेन थांबलं. गोधड्या मशीनमध्ये टाकायला उन्नतीने बाजूला काढून ठेवल्या होत्या. मशीनपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या.

"सुना अशाच," पडद्यामागून आवाज आला.

हौसाबाईंना हुरूप चढला. गावदेवीला उन्हातून चालत जाऊन चालत आले, रिक्षा कुणी बोलावली नाही. अंगठी आता सैल होऊन तीनदा मोरीत पडली, सोनाराकडे न्यायला हिला वेळ नाही. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायचे असल्याने वैशाली सगळं लिहीत गेली. मग आधीच्या उत्तरांकडे परत येऊन तिने विचारलं, "दोन जिने चढता, तर चालायचा त्रास 'लय' कसा?"

"तरास सुनेचा हाय. पायांचा कुटं बोल्ले मी?"

"मग पायांचा काय लिहू?"

"पायांचा लिवू नको."

सातही उत्तरं अशीच एकेक करून खोडली गेली. वैशालीने उन्नतीला विचारलं, हे सगळं खरं आहे का?

"खरं आहे," उन्नती म्हणाली. "मी काहीच करत नाही."

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट आणि कागद शेजारी ठेवून पाहिले. इंजेक्शन आणखी वर्षभर चालू राहणार होतं.

"म्हंजे बरं न्हाय ना मना अजून?" हौसाबाईंनी विचारलं.

"औषध चालू ठेवायलाच हवं," डॉक्टर म्हणाले. हौसाबाईंना तेवढं पुरलं.

अंजुरात रिक्षा थांबताच हौसाबाई सगळ्यांच्या आधी उतरल्या. अजून वरीसभर सुया हायत, कसलं बरं नि कसलं काय, हे त्यांनी पहिल्या घरी सांगितलं, दुसऱ्या घरी सांगितलं आणि तिसऱ्या घराकडे वळल्या. उन्नती पिशवी घेऊन मागे जवळजवळ पळत होती. राहीबाईंना दम लागला. त्या तिथल्याच ओट्यावर टेकल्या आणि त्यांनी उन्नतीचा पदर धरला.

"उन्नते," त्या हळूच म्हणाल्या, "या सुया मना मिलतील कं?"