मागाहून येणारं हसू

आमच्या मुलुंडच्या हास्य क्लबात एकच माणूस हसत नाही, तो म्हणजे परुळेकर सर. रोज सकाळी बागेत आम्ही ओळीने उभे राहून, हात वर करून हा-हा-हा करतो, आणि हे कानामागे पंजा धरून ओळींमधून येरझाऱ्या घालतात. आपण हसत असताना कोणी जवळ येऊन ऐकायला लागलं, की हसू कुठल्या कुठे पळतं हो!

सरांना एका जागी राहवतच नाही. बसले तर पाय हलतो, चहाही फेऱ्या मारत पितात. उभा जन्म प्रयोगशाळेत बर्फ करण्यात गेला. सरबतातला नव्हे. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पाण्याचा थेंब इतका दाबायचा, की तो थंड न करताच गोठतो. मग त्यातले कण कसे थरथरतात, ते प्रकाश टाकून बघायचं. तिथूनच सवय लागली असावी, काहीही विचारा, सर उलट विचारणार, "आधी सांग, शेजारी कोण?" माझी मुलगी फ्लॅट बघत होती तेव्हा हेच. फ्रिजमधलं दूध नासलं म्हटलं, तरी हेच.

शेवटी क्लबचे प्रमुख कांतिभाई वैतागले. "तुम्ही सांगा ना त्यांना. उद्यापासून हसायचं, नायतर यायचं नाय." निरोप माझ्या गळ्यात पडला.

ऐकूनही सरांच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. "अरे, साध्या बर्फात सगळे कण एकमेकांच्या नादाने थरथरतात. नुसता गलका. कोण कुठला, कळत नाही. पण त्यात थोडा जड हायड्रोजन मिसळ. तो सावकाश थरथरतो, शेजाऱ्यांशी त्याचं जमत नाही. म्हणून तेवढा वेगळा ओळखता येतो."

"पण सर, हसायला काय हरकत आहे?"

"मालती याच ओळीत उभी राहायची ना रे."

मालतीवहिनी! सगळ्यांचं हसून झालं, की मागाहून त्यांचं यायचं. संथ, पोटातून. हो… हो… हो. कांतिभाई दर वेळी चिडून शिट्टी फुंकायचे. गेल्या वर्षी वहिनी गेल्या, आणि क्लब अगदी एका सुरात हसायला लागला. सर त्या गलक्यात रोज काय शोधतात ते मला आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी सर वहिनींच्या जागी उभे राहिले. पाय हलत होताच. कांतिभाईंनी हात वर केला. आम्ही हसलो, थांबलो. आणि मग, मागाहून, सर एकटेच हसले. संथ, पोटातून. हो… हो… हो. अगदी हुबेहूब.

कांतिभाईंनी तोंडाशी नेलेली शिट्टी खाली घेतली. सरांचा पाय थांबला होता.

मी माझी जागा सोडली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.