बारापैकी सात

"एक वाक्य! फक्त एक वाक्य लिहायचंय मला. डिसेंबरचा पहिला शनिवार तुझा झाला म्हणूनच समज!" हॉलिस प्रुइटने छातीवर हात मारून लेकीला सांगितलं, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

अलाबामातल्या टॉलिव्हर गावात हॉलिसचं केस कापायचं दुकान होतं. गावात एक कॉलेज, कॉलेजचा फुटबॉल संघ, आणि संघाचं नाव खेचरं. नावावर जाऊ नका! त्या गावात बायबलच्या खालोखाल मान होता तो खेचरांनाच. दर ऑगस्टला, हंगाम सुरू व्हायच्या आधी, हॉलिस आरशाशेजारच्या फळ्यावर आपलं भाकीत लिहायचा. गेली तीस वर्षं तो एकच लिहीत आला होता, बारापैकी बारा! म्हणजे बाराच्या बारा सामने खिशात, आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात खेचरं हजर.

यंदा नेमका तोच शनिवार मार्लीनाला लग्नासाठी हवा होता. तिचा क्वेंटिन नौदलात होता आणि त्याला सुट्टी तेवढीच मिळत होती. पण चर्चचे पाद्री ब्रदर लमार यांनी चक्क हात वर केले.

"बाळ, त्या दिवशी अंतिम सामना. ऑर्गन वाजवायला मिस ओडेसा येणार नाही. आणि खरं सांगू का, मीसुद्धा येणार नाही."

"पण अंतिम सामन्यात आपण असणार कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तुझा बाप दरवर्षी सांगतो की!"

मार्लीना डोळे पुसत दुकानात आली होती. "डॅडी, क्वेंटिन एकदा बोटीवर गेला की पुढचं वर्षभर दिसायचा नाही. तुमच्या त्या मेल्या फळ्यापायी माझं लग्न राहतंय!"

लेकीच्या डोळ्यांत पाणी पाहून हॉलिसला भडभडून आलं. यंदा खेचरं मार खाणार एवढं सांगून टाकलं की अंतिम सामन्याचा प्रश्नच मिटला! त्याला आपल्याच बुद्धीचं कौतुक वाटलं.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी दुकान गच्च भरलं. खुर्चीत त्याचा जुना मित्र ड्यूई बसला होता, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर फेस. हॉलिसने वस्तरा ठेवला, खडू उचलला आणि लिहिलं, बारापैकी सात.

दुकानातल्या सगळ्या माना फळ्याकडे वळल्या.

"हॉलिस, लेका, बारा लिहायला विसरलास," ड्यूई हळूच म्हणाला.

"विसरलो नाही. सात जिंकू, पाच हरू."

"देव तुझं भलं करो रे बाबा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. टॉलिव्हरमध्ये एखाद्याला असं म्हटलं, की तो माणूस कामातून गेला असं समजायचं. ड्यूई तर गळ्यातल्या फडक्यासकट उठला आणि अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर पळाला!

दुपारपर्यंत गावभर झालं की क्वार्टरबॅकचा, म्हणजे संघाचा सगळा खेळ चालवणाऱ्या पोराचा, गुडघा गेला. ही आतली बातमी हॉलिसला कळली असणार, नाहीतर तो पाच हरू म्हणेल? कुणीतरी प्रशिक्षकाच्या बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "गुडघा? पोरगं आत्ता माझ्या ओट्यापाशी उभं राहून तिसरा मासा हाणतंय!" म्हणजे संघ ठणठणीत. मग बिघाड कुठे असणार? हॉलिसमध्येच!

संध्याकाळी दाराची घंटा वाजली. हॉलिसच्या बायकोने, व्हर्नाने, दार उघडलं. दारात मिस ओडेसा उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात बटाट्याच्या सॅलडचं मोठं भांडं होतं. व्हर्ना मटकन खुर्चीत बसली. मिस ओडेसा ते सॅलड फक्त मयताच्या घरी नेत असत.

"हॉलिस!" ती किंचाळली. "काय झालंय तुला? मला का नाही सांगितलंस?"

"मला? मला काही झालेलं नाही!"

"आधी सगळे असंच म्हणतात," मिस ओडेसा डोळ्यांना रुमाल लावत म्हणाल्या.

पाठोपाठ तळलेलं चिकन आलं, मसाला भरलेली अंडी आली, केळ्याचं पुडिंग तर तीन घरांतून आलं. शेवटी ब्रदर लमार बायबल घेऊन आले आणि त्यांनी हॉलिसचा हात हातात घेतला.

"डॉक्टर काय म्हणतात, ते मी विचारणार नाही. पण लेकीचं लग्न डोळ्यांदेखत व्हावं, ही तुझी शेवटची इच्छा आता कळली मला. डिसेंबरचा पहिला शनिवार दिला! सामना गेला खड्ड्यात."

"अहो ब्रदर लमार, मी धडधाकट..." एवढ्यात टेबलाखालून मार्लीनाची सणसणीत लाथ बसली.

"डॅडी," ती दातओठ खात कुजबुजली, "खोकून दाखवा!"

हॉलिस खोकला. अगदी मनापासून खोकला. आणि मग तीनही घरच्या पुडिंगवर त्याने आजाऱ्याला शोभणार नाही असा ताव मारला.

रविवारी चर्चमध्ये त्याला पहिल्या बाकावर बसवलं. ब्रदर लमारनी लग्नाची तारीख जाहीर केली तेव्हा मार्लीनाचा चेहरा उजळून निघाला. तो चेहरा पाहून हॉलिसला वाटलं, यासाठी जन्मभर खोकत बसायचीही आपली तयारी आहे! तेवढ्यात ड्यूई उठला. त्याची अर्धी दाढी अजून तशीच होती. आजारी मित्राला सोडून तो दुसऱ्या न्हाव्याकडे गेला नव्हता.

"हॉलिस," ड्यूई म्हणाला, "शेवटचं विचारतो. देवाच्या घरात बसला आहेस. आपली खेचरं खरंच पाच हरणार?"

हॉलिसने लेकीकडे पाहिलं. ती मान हलवून नको नको म्हणत होती. त्याने ओठ घट्ट मिटले. पण तीस वर्षांची सवय ती! जोर करून ती ओठ फोडून बाहेर आली.

"हरणार? कोण हरणार? बारापैकी बारा! आणि अंतिम सामनासुद्धा!"

चर्च दणाणून गेलं! टोप्या उडाल्या, मिस ओडेसांनी ऑर्गनवर खेचरांचं गाणं धरलं, ड्यूईने हॉलिसला मिठीच मारली.

"बरा झाला! चमत्कार! चमत्कार!" ब्रदर लमार गरजले, आणि गरजता गरजताच त्यांनी खिशातून पेन काढून लग्नाच्या तारखेवर काट मारली. अंतिम सामन्याच्या दिवशी कुठलं आलंय लग्न?

आठवडाभर मार्लीना बापाशी बोलली नाही. हॉलिसला घास गोड लागेना. उरलेलं पुडिंग त्याने तोंडाला लावलं नाही, यावरून काय ते समजा.

आणि मग हंगामाचा पहिला सामना झाला. खेचरांनी असा मार खाल्ला की अर्धं गाव मध्यंतरालाच घरी परतलं. सगळ्या मैदानात टाळ्या वाजवणारी एकटी मार्लीना! सोमवारी सकाळी ब्रदर लमारचा पडेल आवाजात फोन आला, "बाळ, तो डिसेंबरचा शनिवार... चर्च मोकळं आहे. मिस ओडेसाही मोकळ्या आहेत."

मार्लीना नाचतच दुकानात शिरली आणि जागच्या जागी थबकली. हॉलिस फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत होता, उरलेल्या अकरापैकी अकरा!

"डॅडी! पुन्हा? ब्रदर लमारनी हे वाचलं तर? आणि अकराच्या अकरा खरंच जिंकलो तर?"

हॉलिसने दुकानात कुणी नाही ना, हे पाहून घेतलं. दार लावलं. मग लेकीच्या कानाशी येऊन तो म्हणाला, "वाचू दे. पुढचा सामना हरलो की तेच पुन्हा फोन करतील. त्या शनिवारी कुठला सामनाबिमना नाही. पोरी, तीस वर्षांत माझं एक तरी भाकीत खरं ठरलंय का? तुझ्या लग्नाची काळजी आहे, म्हणूनच तर अकरा लिहिलंय!"