बारा वर्षांची शेवटची स्लाइड

आमच्या कंपनीच्या डेव्हलपर कॉन्फरन्सचा इतिहास मला तोंडपाठ आहे. बाराच्या बारा मी उरकल्यात. पहिली तर कॅन्टीनमध्ये झाली होती, चाळीस माणसं आणि एक खरखरणारा माइक. त्यामुळे तेराव्या वर्षी दाराशी इतिहासाची भिंत उभारायची, असं साहेब म्हणाले तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, "दोन तासांचं काम!"

बदल्यात एकच मागितलं: पुढच्या वर्षीपासून कॉन्फरन्समधून माझी सुटका. बारा वर्षं गळ्यात ओळखपत्र अडकवून लोकांना स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगतोय, माणूस दमतो हो. शिवाय आमच्या लग्नाचा वाढदिवस नेमका याच आठवड्यात येतो, आणि बायकोला समुद्र दाखवायचं तेवढी वर्षं राहून गेलंय. साहेबांनी मान डोलावली. भिंत नीट झाली तर, म्हणाले.

आता दर वर्षाच्या पाचशे स्लाइड कोण वाचणार? मी डोकं चालवलं. भाषणाचा सारांश शेवटी असतो, तेव्हा दर वर्षाची फक्त शेवटची स्लाइड काढली, छापली, चौकटीत घालून ओळीने टांगली. खरोखर दोन तासांत काम संपलं. वाचली मात्र एकही नाही.

आमच्याकडे शेवटच्या स्लाइडवर सारांश नसतो. पुढच्या वर्षी काय येणार, ते असतं. बारा वर्षांत हे मला कळायला हवं होतं. पण ती स्लाइड लागते तेव्हा मी नेहमी बाहेर जेवणाच्या रांगा लावत असतो.

कॉन्फरन्सच्या दिवशी सकाळी दार उघडलं. पहिल्या चौकटीत लिहिलं होतं, 'पुढच्या वर्षी आपलं ॲप इंटरनेटशिवाय चालेल.' दुसरीत तेच. तिसरीतही तेच. बदलत होते ते फक्त कोपऱ्यातल्या फोटोतले साहेबांचे केस, वर्षागणिक कमी. पहिल्या वर्षापासून येणारे एक पांढऱ्या दाढीचे डेव्हलपर मोठ्याने वाचायला लागले. सहाव्या चौकटीपासून अख्खी गर्दी हसत हसत त्यांच्यासोबत म्हणायला लागली. मी धावत जाऊन टेबलावरची चादर आणली, तर तिच्यात जेमतेम चार वर्षं झाकली गेली.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी भिंत पाहिली, चादर पाहिली, मला पाहिलं आणि तरातरा आत गेले. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आता हा माणूस मला कॉन्फरन्सच्या आसपासही फिरकू देणार नाही. मनातल्या मनात मी बॅग भरायला घेतली.

साहेब मंचावर चढले. "हसलात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नक्की. आणि ही भिंत काढायची नाही. यापुढे दर वर्षी तिच्यासमोर उभं राहून काय झालं, काय राहिलं ते सांगायचं. ज्यांनी ती उभारली, तेच सांगतील."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मनातली बॅग पुन्हा रिकामी केली.

दुपारी बायकोला फोन लावला. भिंतीचा फोटो तिच्यापर्यंत आधीच पोचला होता. मी चाचरत म्हणालो, "समुद्राचं जरा... पुढच्या वर्षी नक्की."

तिने थकल्या आवाजात विचारलं, "त्या भिंतीवर अजून एका चौकटीची जागा आहे का रे?"

जागा बक्कळ आहे. मी 'नाही' म्हणालो.