तात्यांचा पेशंट आणि माझी अंडी

आमचे शेजारी तात्या जखमी जनावरांचे केसपेपर करत. पंख मोडलेलं घुबड कोणी आणून दिलं, तर आधी वळणदार अक्षरात लिहीत : "नाव - घुबड. धंदा - रात्रपाळी. तक्रार - सांगत नाही." एवढं झाल्याशिवाय पट्टीला हात लागत नसे.

तात्या कल्याणला रेल्वेच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. निवृत्त होऊन डोंबिवलीला आमच्या चाळीत आले, पण हाताची सवय सुटेना. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. चाळीच्या मागे लगेच भातखाचरं लागत, त्यामुळे पेशंटांना तोटा नव्हता. "रुग्णाशी सलगी नको," हा तात्यांचा नियम. नाव ठेवायचं नाही, कुरवाळायचं नाही. घुबडालाही ते "अहो, मान इकडे करा" म्हणत.

मग मुंगूस आलं. उंदराच्या चापात त्याचा पुढचा पाय सापडला होता. तात्यांनी ते पोत्यात धरून जखम धुतली, टिंक्चर आयोडीन लावलं. त्याने तात्यांच्या अंगठ्यात दात रुतवले, तेव्हा केसपेपरवर "दात उत्तम" अशी नोंद झाली. दोन दिवस ते केस पिंजारून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसलं, अन्नाला शिवेना. त्याला हवं होतं अंडं, आणि तात्यांच्या घरी काकू अंड्याला उंबऱ्याच्या आत येऊ देणाऱ्यातल्या नव्हत्या. आमच्याकडे अंडी चालत. म्हणून पिंजरा आमच्या गॅलरीत आला. पट्टी तात्यांची, अंडं माझं.

खरं सांगतो, मी जळत होतो. मुंगसाचं तोंड दिसणं शुभ, म्हणून परीक्षेला किंवा मुलगी बघायला निघालेली माणसं सकाळी माझ्या दारात येत, मुंगूस बघत आणि नमस्कार तात्यांना करत. आमची हीसुद्धा म्हणाली की तात्यांचा हातगुणच तसा. रोज अंडं सोलून देणाऱ्याचा गुण कोणाला दिसत नव्हता.

तो दिसला मुंगसालाच. आधी ते माझी पाठ वळल्यावर खाई, मग माझ्यासमोर खाऊ लागलं आणि तिसऱ्या आठवड्यात थेट माझ्या तळहातावरून. तात्यांचं पाऊल वाजलं की मात्र शेपटी फुगवून गुरगुरायचं. मी मुद्दाम चारचौघांत तात्यांना पुढे या म्हणायचो. त्यांचा चेहरा पडे. मग ते खुसपटं काढत : अंडं फार उकडलंय, तुम्ही त्याला लाडावून ठेवलंय. एकदा केसपेपरवर शेरा दिसला, "शेजाऱ्यामुळे वर्तन बिघडले." तो वाचून माझा आठवडा फार छान गेला.

पाय बरा झाला. एका रविवारी आम्ही दोघं पिंजरा घेऊन खाडीकडच्या बांधावर गेलो. तात्यांनी दार उघडलं. मुंगूस बाहेर आलं, झुडपांकडे बघितलं, वळलं आणि माझ्या चपलेपाशी येऊन बसलं. मी इतका सुखावलो की तात्यांकडे बघून हसलोसुद्धा.

"असं कोणाच्याही पायाशी बसायला लागलं, तर पहिलाच कुत्रा फाडेल त्याला," तात्या हळूच म्हणाले.

माझं हसू गेलं. मी हाकललं, पाय आपटला. त्याला वाटलं अंडं येतंय. ते आणखी जवळ सरकलं.

तेव्हा तात्यांनी खिशातून आयोडीनची बाटली काढली, बूच उघडलं आणि दोन पावलं पुढे टाकली. मुंगूस फुगलं, गुरगुरलं आणि जे सुटलं ते थेट झुडपात. मागे वळूनही बघितलं नाही.

"चारही पाय टेकत होतं," तात्या म्हणाले आणि त्यांनी बूच लावलं.

आम्ही परत निघालो. पिंजरा माझ्या हातात रिकामा हलत होता. चाळ दिसायला लागली तसे ते थांबले.

"हातावर खायचं, तेव्हा त्याच्या मिशा लागत असतील ना तळव्याला?" त्यांनी विचारलं. "कशा लागतात हो?"

इतक्या जनावरांना या माणसाने बरं केलं होतं, आणि त्यातलं एकही त्याच्या हातून खायला आलं नव्हतं. महिनाभर मी ज्याच्यावर जळलो, तो माझ्यावर किती जळत असेल हे मला तिथे रस्त्यात कळलं.

"टोचतात," मी म्हणालो.

त्या अजिबात टोचत नसत.