सहज आलेल्या माणसाची चौकशी

माणूस कामाशिवाय दुसऱ्याच्या दारात जात नाही, आणि गेला तर ते काम लगेच सांगत नाही, या दोन खांबांवर आपला समाज उभा आहे. यांतला एक जरी खांब हलला तर काय अनर्थ होतो, हे बाहत्तर साली आमच्या चिंचेवाडीने अनुभवलं. (चिंचेवाडी मिरजगावपासून अडीच कोसांवर आहे. एस.टी. येते, पण गावात शिरायची तिची मनापासून इच्छा नसते.)

आमच्याकडे भेटीची रीत अशी. पाहुणा ओट्यावर चढतो. घरधनी विचारतो, "काय काढलंत?" पाहुणा म्हणतो, "काई न्हाई, सहज." मग पाणी होतं. चहा होतो. पाऊस या विषयावर बोलणं होतं. त्या साली पाऊस नव्हता, त्यामुळे ते नेहमीपेक्षा जास्त वेळ चाले. मग पाहुणा "बरंय" म्हणून उठतो, ओटा उतरतो, एक पाय वहाणेत घालतो, दुसरा अजून बाहेरच असतो, आणि तेवढ्यात त्याला काहीतरी आठवतं. "आरं व्हय, येक ऱ्हायलंच की!" या क्षणाला 'वहाणेची वेळ' म्हणतात. खरं काम तेव्हाच बाहेर पडतं. चहा देणाऱ्यालाही ते माहीत असतं, पिणाऱ्यालाही माहीत असतं. दोघेही अर्धा तास ते माहीत नसल्यासारखे बसतात. याला आपण संस्कृती म्हणतो आणि ते बरोबरच आहे.

या संस्कृतीला शास्त्रीय पाया द्यायचं श्रेय आमचे पोस्टमास्तर शामकांतराव यांना जातं. पाकिटांवर शिक्का मारण्याच्या सुधारित पद्धतीचं आठ दिवसांचं शिक्षण घ्यायला ते पुण्याला गेले होते. येताना त्यांनी फूटपाथवरून मनाच्या शास्त्राचं एक पुस्तक निम्म्या किमतीत आणलं. त्याची शेवटची चाळीस पानं नव्हती. त्यामुळे त्यांना माणसाचा प्रत्येक आजार ओळखता येई, इलाज मात्र सांगता येत नसे. पुस्तकाचा सारांश त्यांनी गावाला पारावर सांगितला तो असा: माणूस जे बोलतो ते ओसरीवरचं असतं, खरा हेतू माजघरात असतो, आणि माजघराच्या मागे आणखी एक खोली असते, तिची किल्ली त्या माणसाकडेही नसते. हे ऐकून गाव फार खूश झालं. दुसऱ्याच्या माजघरात डोकावायला आतापर्यंत निमित्त लागायचं. आता नुसतं शास्त्र पुरत होतं.

लगेच 'ग्राम हेतुशोधन मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष शामकांतराव, उपाध्यक्ष सरपंच बन्सी, सदस्य रंगनाथ पाटील आणि (महिलांचे हेतू अधिक खोल असल्यामुळे) छबूबाई. चिटणीस मी. मी शाळेत मास्तर होतो आणि गावात अक्षर बरं असलेला दुसरा कोणी नव्हता. मंडळाने कर्जतहून एक तक्ता सायक्लोस्टाइल करून आणला. त्यात माणसाचे एकूण सतरा हेतू क्रमवार दिले होते. अठरावा 'इतर' असा होता, पण स्टेन्सिलवर जागा न उरल्याने तो रद्द करण्यात आला.

पहिल्याच महिन्यात मंडळाने गावातल्या दोनशे चौदा भेटींची नोंद केली. पैकी तीन इसमांनी दारात पाऊल ठेवताच काम सांगितलं. (त्यांच्यावर नजर ठेवण्यात आली.) उरलेले दोनशे अकरा सहज आले होते. त्यांचं वर्गीकरण: पेरणीची पाभर किंवा अन्य अवजार मागण्यासाठी सत्तेचाळीस, सोयरीक काढण्यासाठी एकोणचाळीस, शेजाऱ्याकडे नवं काय आलं ते पाहण्यासाठी अठ्ठावीस, आपल्याआधी कोण येऊन गेलं ते कळण्यासाठी बावन्न, निव्वळ चहासाठी चव्वेचाळीस. बेरीज दोनशे दहा होते. मी ती चार वेळा केली.

उरलेली एक भेट गहिनीनाथांची होती.

गहिनीनाथ आयुष्यभर भिंगारला होते. निवृत्त होऊन त्याच महिन्याच्या शेवटी गावी परतले. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही, जमीन भावकीत गेलेली. माणूस सहा फुटी, खाकी कोटातला, चालताना डावा पाय आधी टाकणारा. ते संध्याकाळी कोणाच्याही ओट्यावर येत. सहज आलो म्हणत. बसत. चहा दिला तर पीत, नाही दिला तर तितक्याच समाधानाने बसत. मग उठत, एक पाय वहाणेत घालत (इथे घरधनी श्वास रोखून धरी), दुसरा पाय घालत, "बरंय, निगतो" म्हणत आणि निघून जात.

खरोखरच निघून जात!

असं गावात कधी झालेलं नव्हतं. घरधन्याला जेवण जाईना. हेतू सांगितला असता तर नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. न सांगितलेल्या हेतूला नाही कसं म्हणणार? मंडळाने त्यांच्या नावाची फाईल उघडली. गावातली ती पहिलीच फाईल, त्यामुळे तिला नारळ फोडला.

तपास झपाट्याने पुढे गेला, पण विचित्र दिशेने. गहिनीनाथ रंगनाथ पाटलांच्या ओट्यावर तीन दिवस लागोपाठ बसले आणि शेताच्या बाजूला पाहत राहिले. (ओट्यावरून दुसरं काही दिसत नाही.) रंगनाथांनी ताडलं, हा बांधासाठी आला आहे. चौथ्या दिवशी पहाटे त्यांनी बारा वर्षांपूर्वी हातभर पलीकडे सरकलेला बांध स्वतःच्या हाताने जागेवर आणला. सरपंच बन्सीच्या गोठ्याकडे गहिनीनाथांनी मान वर करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या छपरासाठी आलेले आणि वाटेत चुकलेले नऊ पत्रे शाळेच्या दारात सापडले. छबूबाईंच्या अंगणात ते "कोंबड्या ब्येस हायेत" एवढंच बोलले. छबूबाईंनी रातोरात राहीबाईची हरवलेली कोंबडी परत केली, सोबत तिची मुलं, नातवंडं आणि पतवंडं. शामकांतरावांकडे ते अर्धा तास कपाटासमोर बसले. त्यानंतर गावात चौदा जुनी पत्रं वाटली गेली. त्यांत एक लग्नपत्रिका होती. त्या जोडप्याचा थोरला माझ्याच वर्गात दुसरीत होता.

माझ्याकडेही गहिनीनाथ आले होते. माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं. (शाळेचा रेडिओ दमट हवेपासून जपण्यासाठी मी घरी ठेवला होता. हवा कोरडी पडल्याचं लक्षात येताच मी तो परत नेला.)

इतका खोल हेतू असलेल्या माणसाला मोकळं फिरू देणं धोक्याचं होतं. मंडळाने त्यांना शाळेत सुनावणीला बोलावलं. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेलं सगळं गाव अंग धुऊन हजर होतं.

"गहिनीनाथराव," शामकांतरावांनी सुरुवात केली, "तुम्ही लोकांच्या घरी कशासाठी जाता?"

"बसाया."

"बसून काय करता?"

"उठतो."

(साक्षीदार उडवाउडवी करीत आहे, असं मी लिहिलं.)

"तुमच्या स्वतःच्या घरी बसायला जागा नाही?"

"हाय की. पन तितं मी येकलाच बसल्याला असतो. सारकं सारकं माजंच त्वांड किती बगू?"

"हा हेतू तक्त्यात नाही. खरं कारण सांगा."

गहिनीनाथांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आवो सायेब, मी भिंगारला गोदामाच्या दारावर बत्तीस साल वॉचमन हुतो. येनाऱ्याला येकच इचारायचं, कोन हाय, काय काम हाय? काम न्हाई तर आत न्हाई. सख्खा म्हेवना आला तरी मी त्येला भाईर हुबा केल्ता. लई वाईट वाटायचं. तवाच ठरवलं, गावाला ग्येल्यावर जितं काम नसताना बसू देत्यात आशा दारात जाऊन बसायचं. दुसरं काई न्हाई."

मला वाईट वाटलं. चिटणीसाला वाईट वाटण्याची तरतूद मंडळाच्या घटनेत नाही, त्यामुळे ते इतिवृत्तात आलं नाही. शामकांतरावांनी मात्र पुस्तकातला आधार दिला की जे कारण ऐकताक्षणी पटतं ते हमखास वरवरचं असतं. एकमताने ठराव झाला: सतरापैकी एखादा हेतू शनिवारपर्यंत दाखल करावा, न केल्यास रविवारपासून गावात कोणीही गहिनीनाथांना ओट्यावर घेऊ नये.

त्यानंतर तीन दिवस गहिनीनाथ घराबाहेर पडले नाहीत. शेजारच्या राहीबाईने (कोंबडी परत मिळाल्यापासून ती त्यांना फार मानत असे) भिंतीवरून डोकावून त्यांना झापलं. सगळ्या आळीला ऐकू गेलं.

"भावजी, आसं काय हातपाय गाळून बसलाय? हेतू नसंल तर उसना घ्या की!"

"हेतू उसना कुटं मिळतो, वैनी?"

"आवो, उसनं मागनं ह्योच हेतू! त्या तक्त्यात पयलाच लिवलाय. जावा, पाभर मागा."

"पाऊस न्हाई, रान न्हाई. पाभर घिऊन मी प्येरू काय? ओटा?"

"त्ये कोन इचारतंय!"

आणि खरोखरच कोणी विचारलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी गहिनीनाथ रंगनाथांकडे गेले. सहज आलो म्हणाले. चहा झाला. उठले, एक पाय वहाणेत घातला, थांबले, आणि अडखळत म्हणाले, "येक ऱ्हायलंच... पाभर पायजे हुती." रंगनाथांनी त्यांना मिठीच मारली. पाभर स्वतःच्या खांद्यावर घेऊन पोचवली. हां हां म्हणता बातमी पसरली. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. पेरणीच नसलेल्या साली, जमीनच नसलेल्या माणसाला शनिवारपर्यंत अकरा पाभरी, तीन कुळव आणि एक शिडी मिळाली. मंडळाने फाईलवर 'हेतू क्रमांक एक' असा शेरा मारून ती बंद केली. शामकांतरावांचा सत्कार झाला. सत्कार नको, नको म्हणत ते खुर्चीत आधीच येऊन बसले होते.

पुढचा महिना गहिनीनाथांचा सुखाचा गेला. पाभर ज्याची त्याला परत हवी होती. पण एकदम मागणं बरं दिसत नाही. तेव्हा लोक त्यांच्याकडे जाऊ लागले. सहज आलो म्हणत, पाणी पीत. गहिनीनाथ चुलीवर काळाभोर चहा करून देत आणि "बसा, बसा" म्हणत. अर्ध्या तासाने वहाण घालताना पाहुण्याला पाभर आठवे. गहिनीनाथ ती शोधायला मुद्दाम वेळ लावत. अकरा पाभरींत आपली कुठली यावर दोन पाहुण्यांचा वाद झाला तर आणखी एक चहा होई.

पण वस्तू अखेर संपतात. एके दिवशी शिडीही गेली. त्यानंतर त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही. सहा दिवस मी शाळेत जाता-येता पाहत होतो. सातव्या दिवशी ते माझ्या दारात आले. ओटा चढले नाहीत, खालीच उभे राहिले. वहाणा पायातच होत्या.

"गुरुजी, तुमच्याकडचं काय न्यू?" त्यांनी विचारलं.

नुसते बसा हो, काही नेऊ नका, असं म्हणावं असं फार वाटलं. पण मी चिटणीस होतो आणि समोरच्या ओट्यावर छबूबाई नोंद घेत होत्या. मी घरात गेलो. मास्तराच्या घरात नेण्यासारखं काय असणार? स्वयंपाकघरातला पाट आणला.

"हा घेऊन जा," मी मोठ्याने म्हणालो. "पण उद्या संध्याकाळी परत आणून द्या. हा आम्हाला रोज लागतो."

गहिनीनाथांनी पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सावकाश ओटा चढून पाट खाली ठेवून त्यावर बसले. "बगतो, मजबूत हाय का," म्हणाले. ते बघायला त्यांना पाऊण तास लागला.

याला आता आठ महिने झाले. पाट रोज संध्याकाळी परत येतो, तपासला जातो आणि परत जातो. मंडळाच्या वहीत ही भेट 'कामानिमित्त' म्हणून नोंदलेली आहे. आम्ही जेवायला जमिनीवर बसतो.

साहजिकच मंडळाने माझी फाईल उघडली आहे. मास्तर एका निवृत्त माणसाला रोज पाट देतो तो काय उगाच? शामकांतरावांच्या मते मी गहिनीनाथांची पत्रं वाचतो. बन्सीच्या मते मला सरपंच व्हायचंय. रंगनाथ म्हणतात, याचा डोळा म्हाताऱ्याच्या घरावर आहे. छबूबाई म्हणतात, पाट मुळात याचा नाहीच.

गहिनीनाथांच्या फाईलवरून मंडळ आता शहाणं झालं आहे. त्यामुळे नवा नियम केलेला आहे: हेतू ज्याला सुचेल, झडती त्याच्या घराची घ्यायची. चौघांच्या झडत्या झाल्या. चारही ठिकाणी माल सापडला.

हे वाचताना माझ्या हेतूबद्दल तुमच्या मनात जे आलं, ते कृपया एका पोस्टकार्डावर लिहून मंडळाकडे पाठवावं. खाली स्वतःचा पूर्ण पत्ता घालावा. आणि मंडळी येतील तेव्हा घरी असावं.